बरग्याला पहिला हात

"बरग्याला पहिला हात मी लावला. लोखंड असं गार, की बोटं चिकटून बसली. दुसऱ्या ओढीला बरगा हलला, आणि पाणी हसलं..."

बंडगर फौजदारांनी टेबलावरचं ध्वनिमुद्रण तिथंच थांबवलं आणि मान वर केली.

"आवाज कुणाचा, बुवा?"

"माझाच की," रंगनाथबुवा हसबनीस खुलून म्हणाले. "थांबवलंत कशाला? पुढं ऐका ना. पुढची साकी त्या दिवशी फार सुरेल लागली होती."

फौजदारांना हसू आलं नाही. बुवांचं हसूही हळूहळू विरून गेलं. आपल्याला चहाला बोलावलेलं नाही, हे त्यांच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं.

नरसोळीच्या बंधाऱ्यावर सात आठवड्यांपूर्वी माणूस गेला होता. बंधारा जुन्या पद्धतीचा, दगडी खांबांचा. खांबांमधल्या खाचांत पावसाळा सरला की लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवायचं. या फळ्यांना सगळा मुलूख बरगे म्हणतो. एका पहाटे कुणीतरी आकडा घालून पाच बरगे उपसले. थांबवायला धावलेला राखणदार भैरू कोळेकर पाण्याच्या लोंढ्याबरोबर गेला. भैरू म्हणजे बुवांच्या कीर्तनातली झांज. बावीस वर्षं पहिल्या रांगेत बसून त्यानं बुवांना ताल दिला होता.

तेराव्याला बुवांनी देवळात त्याच्यावरच आख्यान लावलं. आख्यान उभं करायची त्यांची रीत गुरूंकडून आलेली. जे हातापायांनी अनुभवलं नाही ते तोंडातून काढायचं नाही. म्हणून बुवा तीन दिवस बंधाऱ्यावर जाऊन बसले. ज्यांनी भैरूला बाहेर काढलं त्यांच्याकडून आकड्याला बांधून तिथंच सोडलेल्या निळ्या दोराची गाठ समजून घेतली, भैरूची चप्पल कुठल्या खांबात अडकली होती ते विचारलं, आणि पाणीवाटप बघणाऱ्या पाटकऱ्याची परवानगी काढून एक बरगा स्वतः आकड्यानं हलवून पाहिला. मग घरी येऊन, डोळे मिटून, ती पहाट शंभर वेळा जगले. भैरू होऊन जगले, पाणी होऊन जगले, आणि बरगे उपसणारा होऊनही जगले. कीर्तनकार कथेत जो येईल तो होतो. राजा आला की राजा, चोर आला की चोर. समोर बसलेल्या माणसांना हे पाळण्यापासून ठाऊक असतं.

पण ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या वरच्या साहेबांना ते ठाऊक नव्हतं.

"तुमचं वीस गुंठे रान बंधाऱ्याच्या खाली. पाणी सुटलं तर भिजणार कुणाचं?" बंडगर म्हणाले. "पहाटे तुम्ही नदीवर अंघोळीला जाता. एकटेच. मी तुम्हाला चोर म्हणत नाही, बुवा. माझ्या लग्नात तुमचं कीर्तन झालंय. पण वरून विचारणा आहे. ठसा द्या आणि मोकळे व्हा."

ठसा म्हणजे ठसायंत्राची परीक्षा. त्याचा कायदा होऊन चौथं वर्ष लागलं होतं.

माणसाला ओळखीची वस्तू दाखवली की मेंदूत पाव-एक सेकंदात एक लहर उठते. ही गोष्ट जुनी, आणि जुनी यंत्रं तेवढंच सांगायची, की याला हे माहीत आहे. पण माहीत असणं हा काही गुन्हा नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही माहीत असतं. नव्या ठसायंत्रानं पुढची पायरी गाठली. स्वतः केलेली गोष्ट आठवते तेव्हा नुसतं चित्र उजळत नाही. हाताच्या हालचाली सांभाळणारा भाग, वासाचा भाग, आपण कुठं उभे होतो ते राखणारा भाग, सगळे मिळून एका ठेक्यात उजळतात. ऐकीव गोष्टीला हा ठेका नसतो. त्यावरून यंत्र प्रत्येक चित्रापुढं दोनपैकी एक शब्द छापायचं: ‘ऐकीव’ किंवा ‘अनुभूत’.

कायद्यानं परीक्षेला माणसाची लेखी संमती लागायची, तीही दंडाधिकाऱ्यांसमोर, वकील शेजारी असताना. पण चार वर्षांत ‘नाही’ म्हणणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. नाही म्हटलं की शेजारीपाजारी, सोयरे, सगळे निकाल लावून मोकळे व्हायचे.

विधी सेवा समितीनं बुवांना वकील दिली ती शबाना मुजावर. तिशीतली, बोलायला फटकळ, आणि बुवांच्या मते चहा फार पिणारी.

"सही करू नका," ती म्हणाली.

"का? माझ्या पोटात काय आहे ते देव रोज बघतोच. आता यंत्रानं बघितलं तर काय बिघडलं?"

"देवाला तुमचा सगळा जन्म ठाऊक आहे, बुवा. यंत्राला फक्त तीस चित्रं ठाऊक असतात."

"बोलतेस झकास! कीर्तनाला का नाही उभी राहत?"

"विषय बदलू नका. संविधानात विसाव्या कलमाचा तिसरा भाग आहे. ज्याच्यावर गुन्ह्याचा आळ आहे त्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. कुणालाही. कशासाठीही."

"ते ज्यांना लपवायचंय त्यांच्यासाठी, पोरी. मला काय करायचंय?"

दंडाधिकारी पानसे मॅडमनी बुवांना संथपणे वाचून दाखवलं: तुम्ही बांधील नाही, नाही म्हणू शकता, मध्येच थांबवू शकता, थांबवलंत तर त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावला जाणार नाही. बुवा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. एकही वाक्य त्यांच्या कानांतून आत गेलं नाही. सही मात्र त्यांनी वळणदार केली.

परीक्षा घेणाऱ्या डॉक्टर चित्रलेखा ऐनापुरे चाळिशीच्या, शांत. बुवांच्या डोक्यावर जाळीची टोपी बसवताना त्या हलकेच म्हणाल्या, "मी तुम्हाला ऐकलंय. लहानपणी, आजोळी. तेलिणीचं आख्यान."

बुवांचा चेहरा उजळला. देवळातला नंदादीप विझला म्हणून एक म्हातारी तेलीण भरल्या नदीतून नावेनं, पदराखाली पेटती पणती धरून येते, हे त्यांचं स्वतःचं रचलेलं आख्यान. वारा दिवा विझवू बघतो आणि ती दोन्ही तळव्यांनी ज्योत झाकते. पैलतीरी दिवा जिवंत असतो आणि तळव्यांना फोड आलेले असतात.

"तळवे भाजले होते का तुमचे?" बुवांनी मिस्कीलपणे विचारलं. प्रत्येक श्रोत्याला ते हेच विचारत.

डॉक्टर हसल्या आणि पडद्याकडं वळल्या.

तीस चित्रं झाली. निळा दोर, आकडा, कड तुटलेला तिसरा बरगा, खांबातली चप्पल. अर्ध्या तासानं कागद बाहेर आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि बुवांकडं पाहायचं टाळलं.

अकरा चित्रांपुढं एकच शब्द होता. अनुभूत.

अटक झाली. शबानानं चौथ्या दिवशी जामीन मिळवला आणि बुवा घरी आले, पण घर पहिल्यासारखं राहिलेलं नव्हतं. देवस्थानच्या अध्यक्षांनी चैत्री नवरात्रातली कीर्तनं ‘यंदापुरती’ दुसऱ्या बुवांना दिल्याचं पत्र आलं होतं. दूधवाला दुधाचं भांडं फाटकावर ठेवून वळायचा. आणि पोलिसांचा नवा अर्ज कोर्टात होता. बरोबर आणखी कोण होतं हे कळण्यासाठी दुसरी परीक्षा हवी, आणि आरोपी देत नसेल तर न्यायालयानं त्याला तसा आदेश द्यावा.

"देऊन टाका ना ती दुसरी," बुवांच्या पत्नी उमाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. निवडलेली मेथी त्या पुन्हा निवडत होत्या. "पहिल्या वेळी यंत्राचं काही चुकलं असेल. नाही म्हणालात तर लोक काय समजतील? काल वाण्याकडं मला बघून दोघी बोलायच्या थांबल्या."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? छत्तीस वर्षं झाली मला या घरात." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण अहो, भैरू गेला त्या दिवशी अंघोळीहून यायला तुम्हाला उशीर झाला होता. चहा दोनदा गरम केला होता मी."

बुवा उठले, अंगणात गेले, परत आले, देव्हाऱ्यापुढं बसले, पुन्हा उठले. चार दिवस त्यांचं हेच चाललं होतं. मनातली गोष्ट त्यांना बायकोला सांगता येत नव्हती आणि देवाला सांगायची भीती वाटत होती. पाचव्या दिवशी ते सकाळच्या पहिल्या बसनं तालुक्याला गेले. गाडी नव्या पद्धतीची, बिनचालकाची, तिनं त्यांना ओळखलं नाही; पण प्रवासी त्यांच्यापासून दोन आसनं सोडून बसले.

शबाना कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पीत होती.

"पोरी," बुवा बाकाच्या कडेवर टेकले, "मला आठवतंय."

"काय?"

"बरगा उचलल्याचं. नंतर परवानगीनं हलवलेला नव्हे, त्या पहाटेचा." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "लोखंड गार होतं. गंजाचा वास होता. भैरूची हाक ऐकू आली, ‘कोण रं त्यो?’ आणि मी मागं वळून बघितलं नाही. हे मी आख्यानासाठी रचलं, की... मला उशीर झाला होता त्या दिवशी. का झाला ते आठवत नाही. हे मात्र लख्ख आठवतं. मी सगळी रात्र देवाला विचारतोय, रचलं की केलं?"

शबानानं चहाचा पेला खाली ठेवला.

"आणखी एकदा ते यंत्र लावलं," बुवा म्हणाले, "तर मी केलं असंच माझं मला पटेल. मग खऱ्याची गरजच उरणार नाही कुणाला."

"म्हणूनच ते कलम आहे, बुवा," ती हळू म्हणाली. "तुम्ही म्हणालात, लपवायचंय त्यांच्यासाठी. तसं नाही. घाबरलेला माणूस, दमलेला माणूस, चार दिवस सगळ्यांनी एकच सांगितल्यावर स्वतःवरच शंका घेणारा माणूस, त्याच्याच मनाला त्याच्यावर सोडायचं नाही, यासाठी आहे ते. गुन्हा शाबीत करायचं ओझं सरकारचं आहे. ते तुमच्या डोक्यावर द्यायचं नाही. आता सांगा, दुसरी परीक्षा देणार?"

बुवांनी हात मागं घेतले आणि उपरण्यात गुंडाळले.

"नाही," ते म्हणाले. हा शब्द तोंडातून काढायला त्यांना भरल्या ताटावरून उठण्याइतके कष्ट पडले.

मग तेलिणीचं आख्यान त्यांना आठवलं, आणि त्यांनी शबानाला डॉक्टरबाईंचं ते बोलणं सांगितलं. शबानानं तो चहा तसाच सोडला. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं.

सुनावणीला नरसोळी अर्धी लोटली होती. भैरूची बायको अनसूया मागं खांबाला टेकून उभी होती. डॉक्टर ऐनापुरे तज्ज्ञ म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात आल्या. शबानानं फार प्रश्न विचारले नाहीत.

"यंत्राची पारख कशी केली?"

"साडेचारशे माणसांवर. विद्यार्थी, कारखान्यातले कामगार, कैदी."

"त्यांत गोष्ट सांगून पोट भरणारं कुणी?"

"नाही."

"वर्षानुवर्षं मांडी घालून गोष्ट ऐकणारं?"

"तसं आम्ही कुणाला विचारलं नाही."

"तुम्ही स्वतः कधी ती टोपी घातलीत?"

"नाही."

"घालाल?"

सरकारी वकील उठले. पानसे मॅडमनी त्यांना हातानंच बसवलं आणि डॉक्टरांकडं वळल्या. "तुम्ही बांधील नाही. तुम्ही नाही म्हणू शकता. मध्येच थांबवू शकता. थांबवलंत तर त्याचा कसलाही अर्थ तुमच्याविरुद्ध लावला जाणार नाही. समजलं?"

तीच वाक्यं. या वेळी बुवांनी त्यांतला शब्द न् शब्द ऐकला.

"समजलं. माझी संमती आहे," डॉक्टर म्हणाल्या.

यंत्र पुराव्यासाठी कोर्टात आणलेलंच होतं. चित्रं शबानानं आधीच सीलबंद दिलेली होती, आणि त्यांत सरकारी वकिलांची दहा मिसळलेली होती. सहायकानं टोपी बसवली. पडद्यावर बाजारातली छत्री, गाढव, पंखा येत गेले आणि यंत्र निर्विकारपणे छापत गेलं. मग मातीची पणती आली. पाण्यानं जड झालेला पदर. खवळलेल्या पात्रातली नाव. फोड आलेला तळवा.

यंत्रानं चार वेळा तोच शब्द छापला.

"अनुभूत," पानसे मॅडमनी मोठ्यानं वाचलं, आणि चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर, पदराखाली दिवा घेऊन तुम्ही नदी कधी ओलांडलीत?"

"कधीच नाही." डॉक्टरांनी आपले तळवे उलटे करून पाहिले. "मी सात वर्षांची होते. आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलं होतं. पण मॅडम... तळवे आत्ताही चुरचुरतायत."

कोर्टात खसखस पिकली. मागून कुणीतरी "बोला पुंडलिक वरदे" म्हणालं आणि शिपायानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बुवा हसले नाहीत. त्यांच्या छातीवरची शिळा थोडी सरकली होती. आपण वेडे झालेलो नाही, एवढं त्यांना कळलं. आपल्या विद्येनं जे तेहतीस वर्षं लोकांना दिलं, तेच यंत्रानं आपला गुन्हा म्हणून छापलं होतं.

"एका बाईवरून काय सिद्ध होतं?" सरकारी वकील म्हणाले. "उरलेली चित्रं पुरी होऊ द्या."

पुढचं चित्र साधं होतं. एक लांब, रिकामा व्हरांडा आणि टोकाला हिरवं दार. सरकारी वकिलांनी कुठूनतरी सहज उचललेलं.

डॉक्टर ऐनापुऱ्यांचा हात वर गेला.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "माझी संमती मी काढून घेते."

सहायक गोंधळला. सरकारी वकील पुढं झाले. "का? त्या दाराशी तुमचं काय..."

"वकीलसाहेब!" पानसे मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. "तो प्रश्न या खोलीत कुणीही विचारायचा नाही. यंत्र बंद करा. शेवटची नोंद आत्ता, माझ्यासमोर पुसा."

नोंद पुसली गेली. डॉक्टरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत राहिल्या. चारशे डोळे त्यांच्यावर होते. प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न होता आणि एकाच्याही तोंडातून तो निघू शकत नव्हता. बुवांनी मोठमोठ्या सभा एका शब्दानं गप्प केल्या होत्या, पण अशी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती.

आदेश दुपारनंतर आला. दुसऱ्या परीक्षेची सक्ती करता येणार नाही, अर्ज फेटाळला. कथेतला ‘मी’ हा कबुलीजबाब नव्हे. पहिल्या अहवालाला दुसऱ्या कशाचाही आधार नाही, तेव्हा त्यावर कुणाला कोठडीत किंवा जामिनावर ठेवता येणार नाही. तपास इतर मार्गांनी चालू ठेवावा.

बाहेर नळावर डॉक्टर तोंड धूत होत्या. उमाबाई त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा हात धरला, आणि न राहवून म्हणाल्या, "काय हो बाई, त्या दाराशी..."

"अहं," बुवांनी हात आडवा केला. "विचारू नका."

डॉक्टरांनी बुवांकडं पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या.

बुवा मात्र सुटल्याच्या आनंदात नव्हते. त्यांना काहीतरी टोचत होतं. त्यांनी शबानाला बाजूला घेतलं.

"हे जे दार आहे, नाही म्हणायचं... ज्यानं भैरूला बुडवलं, उद्या तो सापडला, तर त्यालाही?"

"त्यालाही."

"त्यानं गप्प बसायचं, आणि त्या अनसूयेनं...?"

"होय, बुवा. त्याला एक आणि तुम्हाला एक, अशी दोन दारं करता येत नाहीत. मी पुष्कळ विचार केलाय यावर. झोप उडते."

अनसूया तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मग हुडकायचं कुणी?" तिनं विचारलं.

बंडगर फौजदार टोपी हातात घेऊन घुटमळत होते. "मी हुडकतो, वहिनी," ते म्हणाले. "यंत्राच्या नादी लागून इतके दिवस घालवले. निळा दोर कुठल्या दुकानातला हे अजून विचारलेलं नाही मी. उद्यापासून पायानं फिरतो."

अनसूयेनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. पदराखालून भैरूची झांज काढून तिनं बुवांच्या हातात दिली. "पुन्हा लावा त्येंचं आख्यान. सगळं. त्यो भाग गाळू नगा."

पंधरा दिवसांनी नरसोळीच्या देवळात सभामंडप भरून गेला. अध्यक्षांनी स्वतः हार घातला. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, आणि बुवांनी उत्तररंगाला भैरूला उभं केलं. झांज आता अनसूया धरत होती, ताल थोडा मागंपुढं होत होता. शेवटच्या खांबाशी साध्या कपड्यांत बंडगर बसले होते.

तो भाग आला. बुवांना क्षणभर वाटलं, नकोच. मग त्यांनी अनसूयेकडं पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले.

"बरग्याला पहिला हात मी लावला. लोखंड असं गार, की बोटं चिकटून बसली..."

मंडपात सळसळ झाली. अडीचशे माणसांनी, आपल्याही नकळत, आपापले हात धोतराला, पदराला, विजारीला पुसले. अध्यक्षांनी पुसले. दूधवाल्यानं पुसले.

बुवांचे डोळे रांगांवरून भराभरा फिरू लागले. पुसले नाहीत, मुद्दाम आवरून धरले, असं कुणी आहे का? ज्यानं खरंच बरगे उपसले तो तेच करेल. तिसऱ्या रांगेत कुणी, त्या कोपऱ्यात कुणी... आणि ते एकदम चपापले. आपणच यंत्र व्हायला निघालो होतो.

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि साकी धरली. बघायचं काम बंडगरांचं होतं.